राहते घर आणि संत्र्याचा पाक यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, सौ. सत्यभामा इंद्रभान उमाळे, वय त्रेचाळीस, बी. ए., शिक्षिका, राहणार बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. मन शांत आहे असे मात्र मी लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. गुलाबराव वकिलांना मी विचारले. ते म्हणाले, "बाई, कोर्ट मनाचं विचारत नाही. बुद्धी ठिकाणावर असली की झालं."

पुढच्या आठवड्यात नागपूरच्या दवाखान्यात माझ्या पोटावर शस्त्रक्रिया व्हायची आहे. डॉक्टर धीर देतात. पण धीर ज्या आवाजात देतात तो मी वर्गात नापास मुलींच्या आयांशी वापरत आले आहे, म्हणून हे आताच लिहिलेले बरे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. पोस्टातली माझी सगळी शिल्लक माझी मुलगी अन्नपूर्णा हिच्या शिक्षणासाठी आहे. ती यंदा मॅट्रिकला बसली आहे. तिला कॉलेजात घालावे, आणि "पोरगी शिकली की स्थळ मिळत नाही" असे जे कोणी म्हणेल त्याला चहासुद्धा देऊ नये. माझे दागिनेही तिचेच. पाटल्या तिने मोडल्या तरी चालतील, त्यांची घडण मला कधीच आवडली नाही.

कलम दुसरे. माझी पुस्तके शाळेला द्यावीत. रोजनिशीच्या वह्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. त्या कोणीही वाचाव्यात, त्यात कुलुपात ठेवण्यासारखे काही नाही. पुष्पाने वाचू नयेत असे मी आधीच्या मसुद्यात लिहिले होते. मग वाटले, का वाचू नयेत? तिच्याविषयी त्यात वाईट लिहिले आहे म्हणून? तसे लिहिलेले नाही. हल्ली तिच्याविषयी फार लिहिले आहे, एवढेच. तिलाही वाचू द्यावे.

पुष्पा म्हणजे माझी धाकटी बहीण. वय बत्तीस. धाड गावी दिली होती. नवरा गेल्यावर दिरांनी तिला ठेवून घेतले नाही. गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीपासून ती आमच्याकडे आहे. मूलबाळ नाही.

कलम तिसरे, पाकाविषयी. हे कलम लांबणार आहे. गुलाबराव म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात कारणं लिहीत नसतात." मी म्हणाले, कारण दिल्याशिवाय मी मुलींचे मार्कसुद्धा कापत नाही.

वरवट बकालच्या मळ्यातून, म्हणजे माझ्या सासरहून, दर मृग बहाराला संत्री येतात. त्यांचा पाक मी लग्न झाल्यापासून घरी करते. मोठी पितळी कढई, उलथणे, गाळणीचे मलमल आणि झाकणाच्या सर्व बाटल्या मी अन्नपूर्णेला देते. तिने पुढीलप्रमाणे करावे. फोडी हाताने सोलून, बिया व पांढरे काढून, मलमलातून रस आपोआप गळू द्यावा. पिळू नये. पिळला की कडू उतरतो. साखरेत पाणी घालून उकळी आली की चमचाभर दूध घालावे, मळी वर येते, ती काढावी. मग लिंबाचे थेंब, म्हणजे बाटलीच्या तळाशी साखर जमत नाही. पाक बोट आणि अंगठा यांच्यामध्ये धरून तार पाहावी. तार धरल्याशिवाय कढई उतरवू नये. पाक निवाल्यावरच रस घालावा. बाटल्या पाण्यात उकळून, उन्हात पालथ्या घालून कोरड्या कराव्यात. असा पाक दिवाळीपर्यंत टिकतो. माझा टिकतो. हे मी फुशारकीने नव्हे, नोंद म्हणून लिहिते. हळदीकुंकवाला, शाळेच्या संमेलनाला, लग्नघरी माझ्याच बाटल्या जातात. सुभद्राबाई शेजारणीने नेलेल्या दोन बाटल्या अजून परत यायच्या आहेत. त्या आल्या नाहीत तरी माझ्यामागे त्यांच्याशी भांडू नये. एकदा विचारावे मात्र.

यंदा मी अंथरुणावर असल्यामुळे पाक पुष्पाने केला. मी स्वयंपाकघराच्या दारात बाज टाकून पडले होते. तिने तार धरण्याआधीच कढई उतरवली. मी पाहिले. बोलले नाही. मला वाटले, बिघडू दे एकदा. लोकांना कळू दे कोणाच्या हाताला काय येते.

आणि बिघडलाच. आठवडा झाला नाही तोच फडताळातल्या बाटलीचे बूच उडाले, छतावर डाग पडला, मुंग्या आल्या. पाक फसफसत होता. मी मनातून सुखावले, आणि तेवढ्यात माझे पती धाडच्या रस्त्याच्या कामावरून आले. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर आहेत, उन्हाळ्यात केसांपासून बुटांपर्यंत धुळीने भरून येतात. पुष्पाने घाबरत त्याच पाकाचा ग्लास पुढे केला.

"भाऊजी, थोडा आंबला हाय. फेकून देऊ काय?"

त्यांनी एका दमात संपवला. मिशा पुसल्या. "फेकते काऊन? मजा आहे याच्यात. जिभेले चिमटे काढून राह्यला."

"अजून देऊ?"

"दे ना बाई. विचारते काय?"

त्यांनी दुसरा ग्लास घेतला. वीस वर्षांत माझ्या पाकाचा दुसरा ग्लास त्यांनी कधी मागितला नाही. मी त्याच दिवशी विचारले. ते हसले. "तुझ्या बाटलीवर कोणाचं ना कोणाचं नाव असतेच. ही हेडबाईची, ही लग्नाची. मी मधात हात घालून तुझ्या शिव्या खाऊ?" मी म्हणाले, साखर रेशनवर मिळते, मग नेम नको का? ते म्हणाले, "हाव, पाहिजे ना. पाक एक नंबर असते तुझा. पाहुण्याईले विचार." आणि पुष्पाकडे पाहून डोळे मिचकावले. "बहिणीवर जळून राह्यली काय व? नावच सत्यभामा ठेवलं तुझ्या बापानं."

पुष्पा खळखळून हसली. हसताना तिला दीड वर्षात मी प्रथमच पाहिले. मीच तिला या घरात आणले ते तिने हसावे म्हणून. मग मला राग कशाचा आला? मी रोजनिशीत या प्रश्नाचे उत्तर रोज लिहिते आणि रोज खोडते. त्या दोघांचे काही आहे असे मला वाटत नाही. हे मी शपथेवर लिहिते. मला राग येतो तो काही नसताना त्यांना जे इतके सहज जमते त्याचा.

पाक करण्याचा हक्क मी कोणाला देऊ किंवा नाकारू शकत नाही असे वकील म्हणतात. तेव्हा इतकेच लिहिते की कढई अन्नपूर्णेची आहे. पुष्पाला पाक करायचा असल्यास तिने तिच्याकडून मागून घ्यावी. अन्नपूर्णेने नाही म्हणू नये.

कलम चौथे, माझ्यामागच्या विधीविषयी. आत्याबाई जनकाबाई, म्हणजे यांच्या आत्या, मला पाहायला म्हणून वरवटहून आल्या. माझ्या उशाशी बसून, मी झोपले आहे असे समजून, यांच्याशी बोलल्या. त्यांचा आवाज मळ्यातला आहे.

"माह्यं आईक इंद्रभान. देवानं बरं करावं तिले. पन उलटं झालंच, तं दुसरीकडं कायले पाहाचं? पुष्पी हायेच घरात. पाट लाव. पोरीले परकी नाई, चुलीले परकी नाई. भांडे बी तेच आन मानसं बी तेच."

"आत्याबाई, ती झोपली हाये तिथं."

"मंग झोपलीच हाये ना! मी का तिच्या वाईटाचं सांगून राह्यली? तिच्याच पोरीचं चांगलं पाहून राह्यली."

ते उठून अंगणात गेले. नाही म्हणाले नाहीत. हो म्हणाले असेही नाही. पंक्तीत वाढपी आपले पान चुकवून पुढे गेला तर माणूस जसा गप्प बसतो तसे ते गप्प बसले. आत्याबाईंवर माझा राग नाही. आमच्यात विधवेचे असे दुसरे लग्न लागते, पुष्कळ घरांत झाले आहे, आणि मुली सुखात वाढल्या आहेत. मी स्वतः अशा दोन मुलींना शिकवले आहे.

तरीही पुढील गोष्टी पाळाव्यात. मी पतीच्या आधी गेले तर अहेव नवमीला माझ्या नावाने सवाष्ण जेवू घालतील. कोणालाही बसवावे, पुष्पाला बसवू नये. ती विधवा आहे, तिला आज बसवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी उद्याचे लिहीत आहे. दुसरे असे, की पाट लागला तर पहिलीचा चांदीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालतात, पहिलीने त्रास देऊ नये म्हणून. माझा टाक करू नये. मी कोणाला त्रास देणार नाही. पण तिच्या गळ्यात बसून रोज सगळे पाहायचे, हे मला सोसणार नाही.

कलम पाचवे, राहत्या घराविषयी. बुलढाण्यातील हे घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचे अंगण व त्यातील लिंबाचे झाड, माझ्या नावावर आहे. जागा माझ्या वडिलांनी दिली, बांधकाम माझ्या पगारातून झाले.

या कलमाचा पहिला मसुदा असा होता की घर पतींचे, पण त्यांनी दुसरे लग्न केल्यास ते ताबडतोब अन्नपूर्णेचे. गुलाबरावांनी चष्मा काढून वाचले. म्हणाले, "लिहिता येईल. पण बापाला घराबाहेर काढायचं काम तुम्ही पोरीच्या हाती देऊन राहिल्या." मी तो कागद फाडला. दुसरा मसुदा असा की घर विनाअट पतींचे. त्यावर सही करायला बसले आणि हात थांबला. मग पुष्पा या घरात कोण म्हणून राहील? गावाला ते उत्तर आधीच माहीत आहे.

काल ती अंगणात लिंबे वेचत होती. मी बाजेवरून विचारले, "आत्याबाई काय म्हणाल्या ते तुला कळलं का?"

"साऱ्या आळीले कळलं, ताई."

"तसं झालं तर तू हो म्हणशील?"

तिने ओचा सावरला. "मले कोन इचारते व? धाडचं घर सुटलं तवा कोनं इचारलं होतं?"

"मी विचारते आहे. तुला नाही म्हणायचं असलं तर?"

"नाई म्हनून राहू कोठी?" ती इतके सरळ म्हणाली, जणू मी बाजारातला भाव विचारला होता. मग लगेच, "तू बरी होऊन ये. मले असलं काही इचारत नको जाऊ," आणि लिंबे घेऊन आत गेली. तिचे डोळे भरले होते का ते मला दिसले नाही. भाऊजी तिला आवडतात का हे मी विचारलेच नाही. तो प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. उत्तराच्या भीतीने मी तो गिळला.

म्हणून आता, पूर्ण विचारांती, मी हे घर, अंगणासह व झाडासह, माझी बहीण पुष्पा हिला पूर्ण मालकीने देत आहे. ती तिची एकटीची मालमत्ता राहील. तिने पाट लावला किंवा लावला नाही, तरी घर तिचेच राहील. अन्नपूर्णेचे शिक्षण संपेपर्यंत व ती माहेरी येईल तेव्हा तेव्हा तिला येथे राहण्याचा हक्क आहे. माझ्या पतींना पगार आहे, सरकारी क्वार्टर मिळू शकते, वरवटला मळा आहे. त्यांना या घरात राहायचे असल्यास त्यांनी पुष्पाला विचारावे, आणि तिने काय उत्तर द्यायचे ते तिचे तिने ठरवावे.

गुलाबराव म्हणाले, "लोक म्हणतील बाईंचं मन किती मोठं." त्यांनी तसे कोणाला सांगू नये. मी हे मोठ्या मनाने केलेले नाही. छपरासाठी तिने माझ्या नवऱ्याशी पाट लावावा आणि मी मेल्यावर मला तिची दया यावी, हे मला नको आहे. आता तिला नाही म्हणता येईल.

आणि इतके करूनही ती हो म्हणाली, तर ते छपरासाठी नसेल. मला ते जास्त लागेल. त्यावर मी पुष्कळ विचार केला. त्यासाठी लिहिता येईल असे कलम मला सापडले नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला आहे. खाडाखोड नाही. साक्षीदारांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

सही: सौ. सत्यभामा इंद्रभान उमाळे

साक्षीदार:
१. शंकरराव तायडे, शिक्षक, बुलढाणा
२. तुळशीराम वाघ, दुकानदार, बुलढाणा

मुक्काम बुलढाणा
दिनांक ९ एप्रिल १९६५