कॉलनीचे जुने बल्ब

१ मार्च
आज एकोणीस नग. बहुतेक सीएफएल, चार ट्यूबलाइटी. पाटीलकाकूंचा एलईडी परत पाठवला, कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन तो दुरुस्त करतो. बाकीचे नेहमीसारखे पेपरात गुंडाळले, वर ज्याचं त्याचं आडनाव. हे म्हणतात, "लग्नातली भांडी हायत व्हय, नावं घालायला?" नाव असलं की लोक जपून आणून देतात, हे ह्यांना कुठलं कळायला.

संध्याकाळी धाकटा भाऊ संजू टेम्पो घेऊन आला. एमआयडीसीत भाडं असतं त्याचं, वाटेत रिसायकलिंगच्या केंद्रावर देतो. "आक्का, तितलं सायेब तुजं नाव काडत हुतं." फार बरं वाटलं. भिशीत सगळ्यांना सांगितलं.

८ मार्च
माहेरी, गडमुडशिंगीला म्हाई, जत्रेचं गावजेवण. जेवून हात धुवायला गोठ्यामागे गेले. बोअरला लागून खड्डा, त्यात पेपराचे गुंडाळे. अक्षर माझं. पाटील. चौगुले. मगदूम. निम्मे फुटलेले. दिवाळीपासूनचे सगळे इथेच.

संजूला बाजूला घेतलं.
"पैल्यांदा गेलतो की. फॉर्म भरा म्हणाले. मला भाड्याला उशीर. मग हितंच टाकलं."
"आणि तो साहेब?"
"तुला बरं वाटंल म्हणून."

खड्ड्यापेक्षा हे जास्त लागलं. सख्खा भाऊ. आई त्याच बोअरचं पाणी पिते. ती पंगतीत वाढत होती, तिच्यादेखत विषय नको म्हणून मीही वाढायला लागले.

९ मार्च
संजूला फोन केला. "बल्बाचं काय इवढं घिऊन बसलीस? म्हशी मेल्या न्हाईत." पुढं ऐकवेना. आत पारा असतो, कचऱ्यात टाकू नका, हे अख्ख्या कॉलनीला घसा फोडून सांगितलं. त्याला मात्र नुसत्या पिशव्या दिल्या, हे आज लक्षात येतंय. पण म्हणून खोटं...

११ मार्च
केंद्रावर स्वतः गेले. फॉर्म अर्ध्या पानाचा. माझं नाव तिथे कुणी ऐकलेलंही नाही. फुटलेले आणायच्या आधी फोन करून विचारा, झाकणाच्या डब्यात आणा, म्हणाले. आईला बोअरचं पाणी तूर्त पिऊ नको म्हटलं, कारण सांगितलं नाही. संजूला म्हटलं, रविवारी हातमोजे घालून दोघं खड्डा उपसू. "बगू," म्हणाला.

परतताना गेटवर मगदूमवहिनी. हातात आणखी दोन ट्यूबा, जुन्या साडीत गुंडाळलेल्या.
"आमच्या मागच्या गेल्या न्हवं नीट?"
"गेल्या की," म्हणाले. संजूइतकंच सहज.