बाचा दाखला

४ नोव्हेंबर १९६३
बा आला. गावाकडून पायीच! एसटीत बसलाच नाही, कपाळ माझं. शेवंतीचे, माझ्या धाकट्या बहिणीचे, दिवस भरलेत. पहिलं बाळंतपण, माहेरी आणावं तर आई नाही. म्हणून बाच जाणार तिच्याकडे, वरवट बकालला. रविवारी चिखलीहून गाडीत बसवून देईन.

५ नोव्हें.
सकाळी चहा ठेवला तर बा गायब. शाळेत पोरं कुजबुजत होती, तेव्हा कळलं. बा पोलीस पाटलाच्या ओट्यासमोर पागोटं काढून उभा राह्यला. "पारधी हाओ मालक. पोराकडं आलो. हजेरी घ्या."
कायदा जाऊन अकरा वर्षं झाली! इंग्रजानं सारी जमात जन्मापासून चोर ठरवली, रोज पाटलापुढं हजेरी द्यायला लावली, तो गेला, त्याचा कायदाही गेला, पण बाच्या अंगातली हजेरी काही जात नाही. अन् मी इथं दीड वर्ष नुसता 'मास्तर' म्हणून राहतोय. जात कुणी विचारली नाही, मी सांगितली नाही. झालं आता. लई ओरडलो बावर. तो म्हणे, "हजेरी देल्ली का बिनघोर वाटते बे."

७ नोव्हें.
घरमालकीण काकू म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही चांगले हा, पन गावाले काय सांगू?" 'खोली सोडा' असं नाही म्हणाल्या. पण त्यांचं दार दिवसभर उघडं असायचं, आज कुलूप. रडू आलं. खोटं कशाला लिहू.
बा रोज जातोच. पो. पाटील हसून म्हणतात, "म्या बलावलं काय? तुमचा बाप सोताच येते." पण वहीत मांडतात! मी पाह्यली वही.

९ नोव्हें.
शेवंतीच्या नवऱ्याचं कार्ड. शेवंतीला मुलगा झाला. तिला मात्र ताप चढलाय, उतरत नाही, सारखं बाचं नाव घेते. लवकर निघा.
बा म्हणे, "दाखला?"
पूर्वी गाव सोडायला आमच्या लोकांना पाटलाचा दाखला लागे. पोचल्यावर आधी तिथल्या पाटलाला तो द्यायचा, मग सोयऱ्याच्या घरी. नाही तर कोठडी. मी जन्मलो तेव्हा बा आत होता, सहा महिने. बिनदाखल्याचा बाजाराला गेला म्हणून. हे मला आज कळलं. परवा ओरडलो त्याची लाज वाटली.
पो. पाटलांकडे गेलो. "आता कोन देते दाखला? कायद्याबाहेरचं लिहू काय मी?" वही चालते, दाखला चालत नाही!
बाला सांगितलं. "मंग मी नाही जात." डोळ्यांत पाणी, पण जागचा हलेना. मी म्हटलं, "अरे, पोरगी तापानं फणफणली तिकडं." "मले धरलं त तिले काय उपेग?"

१० नोव्हें.
शाळेचा कागद घेतला. एकशिक्षकी शाळा, शिक्का माझ्याच पेटीत. वर कळलं तर नोकरी जाईल. जाऊ दे.
बा समोर उकिडवा. "गुन्हेगार जमात लिव्ह. नाही त खोटा समजतीन." तो शब्द मला लिहवेना. बाला अक्षर येत नाही. मी लिहिलं: 'हे माझे वडील. लेकीला भेटायला चालले आहेत. यांना कोणी अडवू नये.' वाचून दाखवलं ते मात्र त्याला हवं तसं. तो शब्दही म्हटला. शिक्का मारला, तेव्हा कुठं बाचा चेहरा खुलला.
चिखलीला आपणहून गाडीत चढला. खिडकीतून म्हणाला, "शाबास." आजवर कधी म्हणाला नव्हता. बरं वाटलं.
परत येताना वाटेत अक्कल आली. बा आधी शेवंतीकडे जायचाच नाही. आधी तिथल्या पाटलाकडे. तो पाटील कागद मोठ्यानं वाचणार, चार माणसांसमोर. बा उभा राहून ऐकणार, अन् त्यात तो शब्द नसणार.
पुढं काय करेल? लेकीकडे जाईल, की कागद खोटा म्हणून तिथंच बसून राहील, धरायची वाट बघत? माझा बाप, पण मला सांगता येत नाही.