शीळफाट्याला पंच नव्हता

मोहने,
१२ जानेवारी २०२५

चि. महेंद्र यास,
जय भीम. फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही आणि तुझा आवाज ऐकवत नाही, म्हणून लिहिते आहे.

काल कल्याणला बाजारात गेले होते. पुलाजवळ बॅनर दिसला. ‘सम्यक स्मृती चषक, तायक्वांदो स्पर्धा’. त्यावर माझा मुलगा, पाय हवेत, तोंडावर हसू. बाजूला तू, त्याचा मामाही आणि सरही, हात जोडून. त्याला जाऊन पाच महिने झाले. आईला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही तुला?

ज्या खेळाने त्याला मारलं त्याचाच चषक त्याच्या नावाने? अकरा वर्षं तू शिकवलंस. ब्लॅक बेल्ट दिलास. आणि शीळफाट्याला भर दुपारी, स्कूटरला टेम्पो घासला एवढ्या भांडणात, ड्रायव्हरने लोखंडी पाना डोक्यात घातला तेव्हा त्याला हात वर करून डोकं वाचवता आलं नाही. तुमच्यात तोंडावर ठोसा मारणं नियमात बसत नाही, म्हणून कोणी हात वर धरत नाही. हे त्यानेच मला हसत सांगितलं होतं. तुमच्याच हॉलमधला नाथा कुस्तीवाला या खेळाला नाच म्हणायचा, तेव्हा मी तुझ्या बाजूने भांडले होते. नाथाच खरा निघाला.

बॅनर उतरव. धाकट्या पायलचा खेळाचा ड्रेस मी माळ्यावर टाकला आहे. एक मूल दिलं तेवढं पुरे. तेवीस फेब्रुवारीच्या बेल्टच्या परीक्षेतून तिचं नाव काढ.

लोभ असू दे, असं या वेळी लिहीत नाही.
कांता


ठाणे,
१७ जानेवारी

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि. पत्र मिळालं त्याच दिवशी शिडी लावून बॅनर मी स्वतः उतरवला. विचारलं नाही, ही माझी चूक.

पण खेळाने त्याला मारलं हे मी ऐकून घेणार नाही. दहा वर्षांचा असताना तू त्याला आणलंस, आठवतं? दोन जिने चढला की दम्याचा पंप लागायचा. दोन वर्षांत पंप कपाटात गेला. पुढे तर माझी किक आता कंबरेलाच संपते, म्हणून हाच मला सगळ्यांसमोर चिडवायचा. आमच्यात उणिवा आहेत. कोणी अंगाला भिडून कॉलर धरली तर आमच्या मुलांना सुचत नाही. पण नाथाच्या पठ्ठ्यावर दोघं चालून आले तर तो कोणाला धरून बसेल? बारीक अंगाच्या पोराला धिप्पाड माणूस पायाच्या अंतरावर रोखता येतो, हे आमचं बळ. त्या दिवशीही त्याने रोखलंच. एका किकमध्ये ड्रायव्हर खाली होता, पोलिसांच्या कागदात आहे. आणि पडल्यावर सम्यकने त्याला हात लावला नाही. पडलेल्यावर पाय उचलायचा नाही, हा माझा पहिला धडा. तो शिकवल्याची मला लाज वाटत नाही.

माझी शिक्षा पायलला देऊ नकोस. भाऊजींना जय भीम.

रागात का होईना, लिहीत राहा.
महेंद्र


मोहने,
२१ जानेवारी

चि. महेंद्र यास,
जय भीम. पोलिसांच्या कागदात नाही ते आता ऐक.

शनिवारी मी शीळफाट्याला गेले होते. तिथल्या टपरीवरच्या काळुरामने सगळं पाहिलं आहे. त्याने मला चहा दिला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, की बाई, तुमचा पोरगा जिंकलेला. तो ड्रायव्हर पडला, तसा हा दोन पावलं मागे झाला आणि हात खाली सोडून उभा राहिला. स्कूटर चालू होती, रस्ता मोकळा होता. काळुराम ओरडला, अरे पळ. पण हा जागचा हलेना, कोणाची तरी वाट बघावी तसा. तोवर ड्रायव्हरने उठून टेम्पोतून पाना काढला.

तो कोणाची वाट बघत होता ते काळुरामला कळलेलं नाही. मला कळलं. तुझ्या सगळ्या स्पर्धांना मी पुढच्या रांगेत बसले आहे. समोरचा पडला की मागे व्हायचं, आणि पंच आकडे मोजेपर्यंत शांत उभं राहायचं. शीळफाट्याला पंच कुठे होता, महेंद्र?

पडलेल्याला मारू नका, हे शिकवलंस. चांगलं केलंस. मग तिथून निघून जा, हे कधी शिकवलंस का? हो की नाही, तेवढंच लिही. धडे मला नकोत.
कांता


ठाणे,
११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सविनय जय भीम. नाही. शिकवतोय त्या एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी डोळ्यांनी बघायचं होतं. परवा रविवारी मोठ्या मुलांना सांगितलं, किक मारा आणि समोरचा पडला की हॉलच्या दाराबाहेर पळा. मुलं हसली. सर, पळायला बेल्ट कशाला, असंही एक जण म्हणाला. बारा जोड्या लावल्या. पहिला पडला. मारणारा दोन पावलं मागे झाला, हात खाली सोडले आणि माझ्याकडे बघत राहिला. दुसराही तसाच. बाराच्या बारा तसेच उभे, ताई. पुन्हा पुन्हा करून घेतल्यावर एक मुलगी दारापर्यंत धावली, तर तिनेही उंबऱ्यापाशी वळून नजरेने माझी परवानगी मागितली.

परीक्षा पुढे ढकलली आहे. दर रविवारी आधी पळणं, मग बाकीचं. धरलं तर कसं सुटायचं, डोकं कसं झाकायचं, ते शिकवायला नाथाला विनवलं. नाचाचा टोमणा त्याने मारलाच. मी खाली मान घालून घेतला.

पायलबद्दल काही मागत नाही. लोभ मागायचं तोंडही नाही.
महेंद्र


मोहने,
१५ फेब्रुवारी

चि. महेंद्र यास,
जय भीम. माझा राग गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. पण तू नाही म्हणालास, सारवासारव केली नाहीस.

तुझं पत्र पायलच्या हातात दिलं. महिनाभर ती माझ्याशी धड बोलत नव्हती. वाचून झाल्यावर गुपचूप स्टूल घेतलं आणि माळ्यावरून ड्रेस काढला. मी तो धुऊन वाळत घातला आहे. बॅनर फेकला नसशील तर जपून ठेव. त्यातला फोटो मला हवा आहे.

तेवीसच्या रविवारी तिला घेऊन येते. पुढच्या रांगेत बसणार नाही. दाराबाहेर, चपला काढतात तिथे उभी राहीन. समोरचा पडला की तिने माझ्यापर्यंत धावत यायचं. मध्येच वळून तुझ्याकडे बघितलं, तर पुन्हा पहिल्यापासून, संध्याकाळ झाली तरी चालेल. तू फक्त आकडे मोजायचे नाहीस.

तुझी,
ताई