पुढच्याने रचलेली चूल

४ सप्टेंबर

निघाले एकदाची! सगळं सामान माझ्याच पाठीवर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात मी काचेचं भांडं झालेय. लेक हातातली भाजीची पिशवी ओढून घेते. ह्यांनी तर परवा कुंडीसुद्धा सरकवू दिली नाही. परदेशात एकटीने डोंगरवाट चालणार म्हटल्यावर हे हसले. "दोन दिवसांत फोन येईल, कुणाला तरी न्यायला पाठवा म्हणून." बघूच. ही वाट मी कुणाच्या आधाराशिवाय पुरी करणार.

पायथ्याच्या दुकानातल्या बाईंनी बजावून सांगितलं — मुक्कामाच्या झोपड्यांत रखवालदार नसतो. "सकाळी निघताना चूल रचून ठेवायची, पेटवायची मात्र नाही. मागून येणारा भिजलेला असतो."

५ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. झोपडीत शिरले तेव्हा दात वाजत होते. आणि समोर चूल रचलेली! खाली झाडाची साल, त्यावर काटक्या, वर चिरलेली लाकडं, मधून हवेला वाट. काडेपेटी डब्यात कोरडी. वर एक काडी अर्धी बाहेर ओढून ठेवलेली, म्हणजे बधिर बोटांना ती सुटी करत बसायला नको. चूल एका काडीत पेटली.

कोण असेल हा? माझ्यापुढे एक मुक्काम आहे, एवढंच कळतंय. पण काय नीटनेटका माणूस! आमच्या घरात पलंगावरचा ओला टॉवेल कुणी उचलत नाही.

६ सप्टेंबर

पाऊस थांबला. गुडघा मात्र टम्म सुजलाय. मोठी खिंड उद्याच आहे. चूल आजही तयार होती, तिच्यापाशी बसून पाय शेकला आणि थोडी रडले. उद्या उलटी फिरणार. हे नुसती माझी पिशवी घेतील. तेच नको होतं.

७ सप्टेंबर

परत फिरायचं ठरवूनच उठले. चूल रचली, दार ओढून घेतलं. मग वाटलं, खिंडीपलीकडे त्याने आजही माझ्यासाठी चूल रचली असेल. कुणीतरी पान वाढून वाट बघतंय आणि आपण गेलोच नाही, असं झालं असतं. गेले! दर वळणावर बसत, काठीला शिव्या घालत, पण खिंड चढले. वारा असा की उभं राहवेना. मला फार आनंद झाला.

पलीकडे चूल होतीच.

८ सप्टेंबर

आजही एका काडीत. मुलगा चांगला धडधाकट असणार. लेकीसाठी मनात पक्का करून टाकलाय.

९ सप्टेंबर

माझी चूल आज अगदी त्याच्यासारखी जमली. निघताना दोनदा दारातून वळून बघितली. मागे कुणी आहे की नाही, देव जाणे.

१० सप्टेंबर

पोचले! वाट संपली त्या पाटीला हात लावला आणि तिथेच फतकल मारून बसले. ह्यांना फोन केला. पोचल्याचं सांगितलं. म्हणाले, "खिंडसुद्धा?" म्हटलं, "खिंडसुद्धा. एकटीने."

१० सप्टेंबर, संध्याकाळ

गावातल्या विश्रामगृहात माझा जावई भेटला. सत्तरीच्या पुढची बाई, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते, तरी हिंदकळतो. कालच पोचली, माझ्यासाठी थांबली होती. मोडकंतोडकं बोलत तिने सांगितलं, "खिंडीच्या अलीकडच्या झोपडीत पोचले तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. सकाळी परत जाणार होते. पण संध्याकाळी पाऊस जरा उघडला आणि खाली मागच्या झोपडीतून धूर निघताना दिसला. म्हटलं, मागे कुणीतरी आहे. मी वळले तर त्याच्यासाठी पुढे चूल कोण रचणार?"