हळदीचं वर्तुळ

विनोद,

मी शनिवारच्या उपासाची जामसांवलीच्या मारुतीला जाऊन राहिली. तुझी भाजी झाकून ठेवली आहे.

खालच्या खोलीत जमिनीतून रेडॉन वायू येतो काय, ते मोजायला कॉलेजातल्या सरांनी डबी ठेवली. तीन महिने हलवू नका म्हणाले, म्हणून मी तिच्याभोवती हळदीचं वर्तुळ काढलं. आज वर्तुळ जागेवर आहे न् डबी माडीच्या खिडकीत. वाऱ्यात आकडा कमीच येईल, बाबू.

ती खोली तू अश्विनीला भाड्यानं देऊन राहिला. तिचं तान्हं लेकरू तिथंच झोपणार. हा वायू दिसत नाही, वासही नाही, पण वर्षानुवर्षं फुप्फुसात गेला तर कॅन्सर होतो. नवीन डबी लागून आकडा येईपर्यंत किल्ली माझ्याजवळ राहील.

उपासाच्या दिवशी मी कोणावर आळ घेत नाही. पण घरात आपण दोघंच राहतो.

आई