लायल होलोवाचला घेण्याआधी

हॅरो लेक, सस्कॅचेवान
२८ जून

चि. रसेल यास विल्माताईचे आशीर्वाद.

मंगळवारी दुपारी तू माझ्या घरी फोन केलास आणि आवाज माझा आहे हे कळताच ठेवून दिलास, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. खोकला तुझाच होता. साठ वर्षं ऐकते आहे. तुझं पित्ताशय काढून तीन महिने झाले, तेव्हा निदान ओझी तरी उचलत नसशील अशी आशा आहे. डोरीनची कंबर कशी आहे ते कळव (तिने पाठवलेला मुरंबा पोचला, साखर जास्त झाली आहे). मी बरी आहे. गहू घोट्यापर्यंत आला आहे आणि डास गुडघ्यापर्यंत.

तुला माझ्याशी बोलायचं नव्हतं, माझ्या वरच्या खोलीतल्या माणसाशी बोलायचं होतं, हे समजायला फार डोकं लागलं नाही. लायल होलोवाचचा आमच्याशी केलेला एक वर्षाचा करार तीस तारखेला संपतो. पहिल्या जुलैला तो मोकळा, आणि ज्याला हवा त्याने त्याची सही घ्यावी, असा नियमच आहे. तू पॉपलर बेंडच्या हॉकी संघाचा व्यवस्थापक आहेस, तुला तो हवा आहे. यात बेकायदा काही नाही. पण मी तुझी थोरली बहीण आहे, आणि तू काय घरात घेतो आहेस हे तुला सांगणं माझं कर्तव्य आहे. आता तू म्हणशील की आमच्या यादीत त्याला सोडून चौदाच नावं आहेत, पंधरा नावं पंधरा जुलैपर्यंत गेली नाहीत तर लीग हॅरो लेकला काढून टाकेल, आणि संघ नसेल तर पंचायत यंदा रिंगणात बर्फ धरणार नाही, म्हणून ताई त्याची निंदा करते आहे. हे सगळं खरं आहे. पण निंदाही खरी आहे, तेव्हा नीट वाच.

हा मनुष्य आमच्याकडे कसा आला ते आधी सांगते. गेल्या वर्षी एक जुलैला, देशाच्या वाढदिवसाच्या सकाळी, सारा गाव सभागृहात धिरडी खायला जमला होता. आमच्या संघाचा अध्यक्ष एल्मर फ्रीजन (माझ्या वर्गात सातवीत दोनदा बसला होता, तोच) फोन कानाला लावून दारात येरझाऱ्या घालत होता, जणू टोरांटोच्या संघाचे मालक त्याच्या होकारासाठी ताटकळले आहेत. तासाभराने आत येऊन त्याने जाहीर केलं की एकेचाळीस वर्षांचा फॉरवर्ड मिळाला आहे, आणि हा फॉरवर्ड एकोणीस वर्षांपूर्वी मोठ्या लीगमध्ये बारा सामने खेळला होता. त्यानंतर तो जर्मनीत आणि आणखी दोन-तीन देशांत खेळला. एकेका देशाला त्याचे गुडघे कळले की तो पुढच्या देशात जात असे, असं मला नंतर त्याच्याच बोलण्यावरून समजलं. मी एल्मरला विचारलं, इतका जुना कशाला? तो म्हणाला, "बाई, अनुभव विकत मिळत नाही."

मी म्हटलं, "मिळतो, एल्मर. तू आत्ताच घेतलास, तोही वापरलेला."

कागद जवळ नव्हता म्हणून एल्मरने करार कागदी बशीवर लिहिला. होलोवाच त्याच दिवशी दुपारी आपल्या गाडीतून येऊन पोचला आणि त्याने त्या बशीवर सही केली. मेपलचा पाक लागलेली ती बशी तशीच लीगच्या कचेरीत गेली. ती तिथे दुसऱ्या एका संघाच्या अर्जाला चिकटली आणि महिनाभर आमचा फॉरवर्ड त्यांच्या गोलकीपरचा भाग समजला जात होता. तो घोळ निस्तरायला मला चार पत्रं लिहावी लागली. खेळाडूला काय द्यायचं यावरही बैठक झाली: एल्मरच्या धान्यकोठारात दिवसाचं काम, हिवाळ्यापुरतं अर्ध्या बैलाचं मांस, आणि राहायला विल्माबाईंची वरची खोली. मला कोणी विचारलं नाही. मी चिटणीस असल्यामुळे ठराव मात्र मीच लिहून घेतला, आणि खाली सही करून तारीख घातल्यावर माझ्या लक्षात आलं की ती विल्माबाई मीच. तेहतीस वर्षं नोंदवही ठेवते आहे, अशी चूक पहिल्यांदा झाली.

आता त्याच्या राहण्याबद्दल. सामन्याच्या दिवशी एक ते तीन तो झोपतो. हे सगळेच खेळाडू करतात हे मला माहीत आहे, पण वयाच्या विशीत त्याला सवय म्हणतात, बेचाळिसाव्या वर्षी ती वामकुक्षी होते. त्या दोन तासांत घरात चमचा वाजता कामा नये. फोन उशीखाली. मी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, माझ्या आवाजात कोणी डोळा मिटला नाही, आणि आता शेजारच्या अ‍ॅग्नेस कोस्तिउकला लोणच्याची बरणी खुणेने मागून घ्यावी लागते. ती बिचारी घाबरली. आतमध्ये कोणी गेलं की काय असं तिने खुणेनेच विचारलं. मी खुणेने सांगितलं, अजून नाही.

उठल्यावर त्याला शेवया लागतात, त्यावर फक्त लोणी. मग डावा मोजा आधी. उजवा आधी घातला गेला तर दोन्ही काढून पुन्हा पहिल्यापासून. हे मी जिन्याखाली उभी राहून ऐकलेलं नाही, त्याने स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्याला लाजही वाटली नाही. त्याच्या सामानाच्या पिशवीचा वास तुला परिचित असेलच, तुमच्याही संघाला तो आहे. फरक इतकाच, की या पिशवीत पाच देशांचा घाम आहे. जानेवारीत मी ती पडवीत ठेवली. उणे अडतीस होतं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर त्याचं छातीचं चिलखत आपल्या आपण उभं होतं, अगदी ताठ, तो स्वतः कधी उभा राहत नाही इतकं. त्याने ते तसंच अंगात घातलं. रिंगणात पहिल्या दहा मिनिटांत हलला की कडकड आवाज येत होता, आणि प्रेक्षकांत पैज लागली की हाड कुठलं आणि प्लॅस्टिक कुठलं. एल्मर मला येऊन म्हणाला, "बाई, खेळाडूची काळजी घ्यायची असते." मी त्याला सांगितलं की मी खेळाडूची घेते आहे, पिशवीची घेण्याचा ठराव झालेला नाही.

आणि खेळ. पहिल्याच सामन्यात हा रिंगणाच्या मधोमध, आजूबाजूला वीस फूट कोणी नसताना, सावकाश आडवा झाला. कॉफीच्या खिडकीतून मॉड झेलिन्स्कीने मान बाहेर काढली. "बाई, हा पडला की टेकला?"

मी म्हटलं, "थांब जरा. उठला तर पडला होता."

उठला, पण तोवर सामना दुसऱ्या टोकाला जाऊन परत आला होता. तो पळत नाही, रसेल. हे तू नीट लक्षात घे. बाकीचे पळतात आणि हा समोरच्या गोलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो, बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा. एका रात्री जेवताना मी स्पष्टच विचारलं की होलोवाच, तुम्ही पळत का नाही. त्याने बटाटा संपवला आणि म्हणाला, "बाई, पळायला चौघं आहेत. शेवटी सगळ्यांना गोलापाशीच यायचं असतं. मी आधी जाऊन थांबतो." मी त्याला आणखी एक बटाटा वाढला.

मार्चमधला तुमच्याविरुद्धचा सामना तू पाहिलास, तेव्हा त्याबद्दल मी फार लिहीत नाही. फक्त तुझा गैरसमज होऊ नये म्हणून एवढंच, की त्या तीन गोलांतला एकही त्याने केलेला नाही. पहिल्या वेळी आमच्या पोराने मारलेली रबरी चकती याच्या बुडाला लागून आत गेली. दुसऱ्या वेळी मांडीला. तिसऱ्या वेळी तो तुमच्या दोघांनी ढकलल्यामुळे गुडघ्यावर होता आणि उठत होता, आणि चकती त्याच्या खांद्यावर आपटली. (तुमच्या त्या तांबड्या केसांच्या पोराने दोन तास त्याच्या पाठीत काठी खुपसली, ते मी पाहिलं. तो डोरीनच्या बहिणीचा मुलगा आहे हेही मला माहीत आहे.) काठीने त्याने चकतीला सबंध सामन्यात स्पर्श केला नाही. गोल कोणी केला एवढंच वहीत लिहायचं असतं, कशाने केला याला रकाना नसतो, म्हणून माझी पंचाईत टळली. पॉपलर बेंड त्या दिवशी हॅरो लेककडून हरलं नाही, एका माणसाच्या बुडाकडून हरलं, आणि आता तू तेच विकत घ्यायला निघाला आहेस. आपल्या मॅकफर्सनांच्या घरात इतकी कमी समज कधी नव्हती.

तेव्हा विचार कर. पुढच्या महिन्यात तो त्रेचाळीस होतो. झोपतो, थांबतो, आदळतो. अजून एक हिवाळा त्याच्या गुडघ्यात असेल, नसेल. डोरीनला माझा नमस्कार सांग आणि मुरंब्यात साखर कमी घालायला सांग.

तुझी,
विल्माताई

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. प्रामाणिकपणे एक गोष्ट राहिली. हिवाळाभर सकाळी सहाच्या आत माझ्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ काढलेला असायचा. कोणी सांगितलं नव्हतं. अ‍ॅग्नेसच्या दारचाही. हा हॉकीतला गुण नाही, म्हणून वर लिहिला नाही.

ता. क. २. रसेल, तुझ्या यादीत एकोणीस नावं आहेत. मी मोजली. आमच्याकडे चौदा आहेत, आणि त्यातला एक दात बसवायला नेहमी सामन्याच्या दिवशीच रजायनाला जातो. रिंगण बंद झालं तर गावातली चाळीस मुलं हिवाळ्यात कुठे जातील ते मला सांग; तू आणि मी कुठे गेलो होतो तेही आठव. त्याला आमच्याकडे राहू दे. मी तुझ्याकडे यापूर्वी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

ता. क. ३. १ जुलै. पत्र पुन्हा वाचण्यात दोन-तीन दिवस गेले, आणि टपाल आज बंद आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, तेव्हा वरचं सगळं तुला गुरुवारी मिळेल आणि त्याचा उपयोग काही नाही. आज सकाळी धिरड्यांच्या आधी मी होलोवाचला चहाला बसवलं आणि विचारलं, माझ्या भावाने काय देऊ केलं आहे. तो लपवत नाही. म्हणाला, "स्वतःचं घर, बाई. एकमजली. तुमच्या पायऱ्या सोळा आहेत." मी विचारलं, आणि तुमच्या मनात काय आहे? तो म्हणाला, "पायऱ्याच आहेत." मग मी उठले. पत्र तरीही पाठवते आहे, तिकीट लावून झालं होतं आणि त्यात खोटं काही नाही. नोंदवहीतली आजची नोंद उतरवून देते:

१ जुलै, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. लायल होलोवाच यांना सुपूर्त: चिटणिसांची तळमजल्यावरची शिवणाची खोली, पुढच्या दाराची किल्ली, लोकरीच्या रजया दोन. त्यांच्याकडून मिळालं: पंधरावी सही, एक वर्षासाठी. शिवणयंत्र दोघांनी मिळून वरच्या खोलीत नेलं. जिन्यात तीनदा थांबावं लागलं. त्यांपैकी दोनदा चिटणिसांसाठी.