पुढच्या खोलीतला वर्ग बंद होणार नाही

श्री. व्याहीबुवा यांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात मोकळेच आहेत. मी सांगतेय आणि आपली नात लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नका, ते वळण तुमच्या घराण्यातलं आहे.) इकडे सगळे बरे. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचं डोकं दुखायचं थांबलं का? गुडघा लवकर बरा व्हावा असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण तो दुखला की तुम्ही घरात बसता, आणि घरात बसलात की पत्रं लिहिता.

तुमचं पत्र सूनबाईंनी भर जेवणात मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘मुद्दा असा की’ अशी सुरुवात ऐकूनच माझा घास अडकला. मुद्दा समजला. पुढच्या खोलीतला कॉम्प्युटरचा वर्ग बंद करावा, नातीनं तुमच्या ओळखीच्या ऑफिसात मुकाट्यानं नोकरी धरावी, आणि (हे मला तोंडपाठ झालंय) ‘जिथे निरक्षर म्हातारी मधे मधे बोलते तो वर्ग नव्हे, गप्पांचा अड्डा’. सूनबाई पडल्या तुमच्या लेक. बाबांनी सांगितलं की विषय संपला. येत्या रविवारी टेबलं उचलायची ठरलीत. माझ्या मुलानं नेहमीप्रमाणे आधी बायकोकडे बघून मान हलवली, मग माझ्याकडे बघून हलवली, आणि ताक मागितलं.

तर ऐका. टेबलं उचलली जाणार नाहीत.

पहिली गोष्ट, मी वर्गात जाऊन बसलेली नाही. त्या खोलीच्या खिडकीत माझं शिलाई मशीन तुमची लेक या घरात येण्याच्या आधीपासून आहे. मी माझ्या जागी होते, वर्ग येऊन माझ्याभोवती बसला. आता कानांना काय झाकण लावू? आणि मला मधे बोलायला नातीनंच सांगितलंय. ‘आजी, तुझ्या डोक्यात शिरलं तर मी पुढे जाते, नाही शिरलं तर परत सांगते’ असा तिचा नियम आहे. (‘परत सांगते’चीच वेळ जास्त येते, असं ती इथे कंसात घालायला बघतेय. घाल बाई, घाल.)

दुसरी गोष्ट, ती शिकवते काय ते तुम्हाला ठाऊक आहे का? लोक येतात वेबसाइट बनवायला. पहिल्याच दिवशी एक आज्ञा दिली की मशीन आपणहून ढीगभर फोल्डर आणि फायली मांडून ठेवतं, आणि नवखा माणूस ते बघूनच गार पडतो. आमच्या वर्गातल्या नर्सबाई रोज लोकांना सुया टोचतात, पण त्यांनी घाबरून लॅपटॉपच मिटला. तेव्हा नातीनं त्यांना शांतपणे सांगितलं: हे एक फोल्डर तुमचं, लिहायचं ते इथेच. हे जाडजूड फोल्डर दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या सामानाचं, त्यात डोकावू नका. ही फाइल म्हणजे ते सामान काय काय आणायचं त्याची यादी, जाडजूड फोल्डर हरवलं तरी यादीवरून पुन्हा आणता येतं. आणि हे शेवटचं ‘तयार’ फोल्डर. बिल्ड म्हटलं की मशीन तुमचं लिहिलेलं घेतं, जोडतं, दाबून बारीक करतं आणि इथे ठेवतं. याला हात लावायचा नाही, कारण पुढच्या बिल्डला मशीन हे पुसून नवं करतं. यावर मी खिडकीतून म्हटलं, म्हणजे कागदाचा नमुना आणि शिवलेला झगा. झग्याची बाही सैल केलीत आणि नमुना तसाच ठेवलात, तर पुढचा झगा पुन्हा घट्टच निघणार. नर्सबाईंनी लॅपटॉप उघडला.

आता वर्गातल्या केशकर्तनवाल्याचं प्रकरण. ते सूनबाईंनी तुम्हाला तिखटमीठ लावून कळवलेलं दिसतं, म्हणून माझ्या तोंडून ऐका. त्याच्या फायली अस्ताव्यस्त पडल्या होत्या. मला पसारा बघवत नाही. नात पाणी प्यायला आत गेली होती, तेवढ्यात मी त्याला म्हटलं, अहो, हे दरांचं पान असं उघड्यावर काय ठेवलंय, ‘दुकान’ नावाचा कप्पा करा आणि त्यात घाला. भला माणूस, त्यानं घातलं आणि लगेच जगाला दाखवूनही टाकलं. पण या नव्या तंत्रात म्हणे फोल्डरच्या मांडणीवरूनच पानाचा पत्ता ठरतो. कप्पा बदलला, पत्ता बदलला. त्यानं गिऱ्हाइकांना वाटलेल्या कार्डांवर जुना पत्ता छापलेला! एक गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेली घेऊन फोन दाखवत बसलं, ‘इथे तर पान सापडत नाही म्हणतायत, दर काय लावणार ते आधी सांगा.’ केशकर्तनवाला वस्तरा खिशात घालून धावत आमच्या दारात. सूनबाईंनी दार उघडलं, वस्तरा बघितला आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

पण त्यात माझं काय चुकलं? साडीचा कप्पा बदलला म्हणून घराचा पत्ता बदलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. नातीनं ते पान परत जागेवर आणलं आणि तोच धडा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शिकवला. केशकर्तनवाला आता इतरांना दटावतो, ‘पान हलवण्याआधी पत्ता बघा.’ मोडल्याशिवाय असं ठसत नाही. मोडायचं काम मी करते, फुकट.

आणि तिची चिकाटी बघायची तर पडद्यावरून शिकणाऱ्या त्या एकांची गोष्ट ऐका. ते चेहरा दाखवत नाहीत, नाव नुसतं ‘विद्यार्थी’, म्हणून आम्ही त्यांना काळी चौकट म्हणतो. गणिताच्या कोड्यांचं पान करतायत. मथळ्याचा रंग बदलायला जातात तो थेट ‘तयार’ फोल्डरमध्ये, बिल्ड करतात, आणि रंग पुसला जातो. की लगेच लिहून विचारतात (नात ते मोठ्यानं वाचते), ‘बाई, मशीन बिघडलं आहे.’ दर वेळी नात पहिल्यांदाच सांगतेय अशा आवाजात समजावते. मी असते तर कात्री फेकून मारली असती. अशी शिकवणारी मुलगी तुम्ही कुठल्या ऑफिसात नेऊन बसवणार? मला तुमचा सल्ला नको, तुमची ओळख नको, तुमचं मत तर मुळीच नको. खोली माझी, नात माझी (बरं, अर्धी तुमची), वर्ग चालणार.

विहीणबाईंना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

आपली,
विहीण

ता. क. मत नको म्हटलं, पण एक मत हवंय. सूनबाई माझं ऐकत नाहीत, नवऱ्याचं ऐकू येत नाही, ऐकतात फक्त तुमचं. तेव्हा शनिवारच्या वर्गात त्यांच्यासमोर एवढं बोला की वर्ग राहू दे.

ता. क. दुसरा. ‘वर्गात मी कसा बोलणार’ असं विचारू नका. काळ्या चौकटीचा दर दुसरा प्रश्न ‘मुद्दा असा की’ने सुरू होतो, तेव्हाच माझे कान उभे राहिले होते. परवा तुमचा माइक चुकून चालू राहिला. दोनदा घसा खाकरलात. लग्न ठरवायला आला होतात तेव्हा देण्याघेण्याचं बोलण्याआधी असेच खाकरला होतात, तो आवाज मी विसरेन होय? शनिवारी मी सूनबाईंना चहा घेऊन खोलीत बोलावते. तेवढ्यात चेहऱ्याचं बटण दाबा. नाही दाबलंत तर निरक्षर म्हातारी मधे बोलेल.

(नातीनं मधेच लिहायचं थांबवलं होतं. टेबलावर डोकं ठेवून हसत होती की रडत होती, मला इथून दिसलं नाही. आता म्हणते, शेवटची ओळ माझी.)

आजोबा, रंग पुन्हा ‘तयार’ फोल्डरमध्येच बदललात. शनिवारी चेहरा दाखवून या, बरोबर जागा एकदा शेवटची सांगते.
— वर्गातल्या बाई